काचेवर पाणी येईना? आधी आपणच बघू या!



गेल्या पावसाळ्याच्या सुरुवातीची गोष्ट. आपल्या संघाची गाडी चालवणाऱ्या ताई भाजी घेऊन बाजाराला निघाल्या होत्या. पुढच्या ट्रकच्या चाकाचा चिखल सपकन काचेवर आला. ताईंनी वायपर लावला, पाणी मारायची दांडी ओढली, पण पाणी आलंच नाही. कोरड्या वायपरने चिखल अजूनच फासला गेला आणि समोरचं काही दिसेना. ताईंनी गाडी हळूहळू कडेला घेतली, बाटलीतल्या पाण्याने काच धुतली, म्हणून निभावलं.

गाडी गॅरेजला दिली. नवी टाकी आणि नवा पंप असं बिल आलं. मी व्हाउचरवर सही केली. जुने भाग कुठे आहेत, हे विचारलंच नाही. दोन महिन्यांनी पाणी पुन्हा बंद! या वेळी ताई म्हणाल्या, "मॅडम, आधी आपण उघडून तर बघू." बॉनेट उघडलं, तर टाकी जुनीच, तळाला चीर पडलेली. अध्यक्षताई बिल घेऊन गॅरेजला गेल्या आणि टाकीचे पैसे परत घेऊन आल्या. मग टाकी आणि पंप आम्ही अंगणातच बदलले. माझ्या सहीची चूक मला त्या दिवशी कळली, म्हणून हा धडा लिहिते आहे.

हे काम कसं चालतं?

बॉनेटखाली एक प्लास्टिकची टाकी असते. तिच्या झाकणावर काच आणि पाण्याच्या फवाऱ्याचं चित्र असतं. टाकीच्या तळाजवळ अंगठ्याएवढा छोटा पंप रबरात दाबून बसवलेला असतो. दांडी ओढली की बॅटरीचा करंट पंपाला मिळतो, पंप पाणी नळीत ढकलतो आणि ते नोझलमधून काचेवर उडतं.

लक्षात ठेवा, शेजारी कूलंटची टाकीही असते. ती वेगळी. इंजिन गरम असताना तिचं किंवा रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. उकळतं पाणी अंगावर येतं.

बिघाड कुठे आहे?

आधी टाकीत पाणी आहे का बघा. मग चावी फिरवून एकीने दांडी ओढायची, दुसरीने बॉनेटजवळ कान द्यायचा.

घर्र असा आवाज येतो, पण पाणी नाही: पंपाच्या तोंडाची नळी काढून पुन्हा दांडी ओढा. तिथे पाणी जोरात आलं, तर पंप चांगला आहे. पुढे नळी सुटली किंवा फाटली असेल, नाहीतर नोझल तुंबलं असेल. बोअरच्या पाण्यातले क्षार नोझलमध्ये साठतात. बारीक टाचणीने साफ करा.

आवाजच येत नाही: आधी फ्यूज बघा. जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. त्याजागी तार गुंडाळायची नाही, आग लागू शकते. फ्यूज चांगला असेल, तर पंपाचा कपलर काढून त्यात १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावा. दांडी ओढल्यावर दिवा लागला, तर करंट येतोय, म्हणजे पंप गेला. दिवा लागला नाही, तर दोष वायरिंगचा किंवा स्विचचा. तिथे पंप विकत घेऊ नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा.

बदलायचं कसं?

१. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन थंड होऊ द्या. चावी काढा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा.

२. कपलर आणि नळी काढा. कुठलं काय कुठे होतं, त्याचा मोबाईलवर फोटो आधीच काढून ठेवा.

३. टाकीचे बोल्ट सोडवून टाकी बाहेर घ्या आणि पाणी ओता. पंप हलकेच फिरवत सरळ ओढा. स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, टाकी फुटते.

४. पंपासोबत रबरही नवं घ्या. जुनं रबर कडक होतं आणि गळतं. रबराला साबणाचं पाणी लावलं की पंप सहज बसतो.

५. टाकीला चीर असेल तर टाकीच बदला. अशा प्लास्टिकवर एम-सील फार दिवस धरत नाही.

६. टाकी बसवा, नळी आणि कपलर जोडा, स्वच्छ गाळलेलं पाणी भरा. गळत नाही ना बघा, मगच बॅटरी जोडून दांडी ओढा.

पाणी नसताना दांडी ओढत राहू नका, कोरडा पंप लवकर जळतो. टाकीत धुण्याची पावडरही घालायची नाही, नोझल तुंबतं.

काही गाड्यांत टाकी बंपरच्या किंवा चाकाच्या आतल्या बाजूला असते. तिथे नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही. ते काम मिस्त्रीकडेच द्या. गाडी वॉरंटीत असेल, तर आधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

आणि हिशोब

आपल्या पंचसूत्रीत अद्ययावत लेखे हे सूत्र आहेच. गॅरेजला जायचं असलं, तरी काय बिघडलंय ते कळून जा. जुना भाग परत मागा. नवा भाग डोळ्यांनी बघा. मगच सही.

बैठकीत चर्चेसाठी

- गाडीच्या मागच्या बिलातला प्रत्येक भाग कोणी पाहिला होता?
- गाडीत पाण्याची बाटली, फडकं, टेस्ट लॅम्प आणि जादा फ्यूज आहेत का?
- पुढच्या बैठकीआधी टाकी, नळी आणि नोझल तपासायची जबाबदारी कोणत्या दोन ताई घेणार?

तुमच्या गटाने गाडीचं, पिठाच्या गिरणीचं किंवा शिलाई मशीनचं काही काम घरीच केलं असेल, तर सहयोगिनीकडे लिहून द्या. पुढच्या अंकात छापू.

तुमचीच,
क्षेत्र समन्वयक