मुलाखतीत आपणही विचारावे

यंत्र किंवा सॉफ्टवेअर कसे वापरावे याची माहितीपुस्तिका लिहिणे ही आज स्वतंत्र नोकरी आहे. मुलाखतीत पगाराबरोबर हेही विचारावे, असे आम्ही सुचवितो. लेखकाला यंत्र स्वतः चालवून पाहता येते का? इंजिनियरशी थेट बोलता येते का? मजकूर कोण तपासतो? अशा पुस्तिकांचे आंतरराष्ट्रीय मानक ८२०७९-१ (२०१९) येथे पाळतात का? 'इंजिनियर फाईल देतील, तुम्ही फक्त भाषा सुधारा' असे उत्तर मिळाल्यास सावध व्हावे. तेथे शिकायला थोडेच मिळते, आणि चुकीच्या सूचनेने एखाद्या कामगाराचा हातही जाऊ शकतो. पालकांनीही केवळ पगाराचा आकडा पाहून आग्रह धरू नये.