रसाचा सामू झोके का घेतो?



ऊस गव्हाणीत पडला की आपले काम संपले, असे आपण समजतो. पण आपला भाव उताऱ्यावर ठरतो, आणि गव्हाणीपासून पोत्यापर्यंत साखर जिथे जिथे निसटते त्यातली एक जागा म्हणजे रसशुद्धीचा विभाग. या खेपेला आम्ही तिथली एक गोष्ट घेतली आहे. शास्त्रात तिला ‘वारंवारता प्रतिसाद’ म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट मात्र ओळखीची.

आपले 26 टीएमसीचे मुळा धरण घ्या. पावसाळ्यात कोतूळजवळ मुळेचा प्रवाह सकाळी थोडा वाढला, दुपारी उतरला, तर बारागाव नांदूरला त्याचा पत्ताही लागत नाही. पातळी आपली सावकाश चढत राहते. पण पावसाळा-उन्हाळा हा वर्षाचा फेरा धरणाच्या भिंतीवर पुरेपूर दिसतो, आणि तोही उशिराने, कारण पावसाचा भर ओसरू लागतो तेव्हा कुठे धरण भरते. मोठा साठा जलद हेलकावे गिळतो आणि संथ हेलकावे पुढे सोडतो. कोणत्या गतीचा हेलकावा किती उरतो आणि किती उशिरा पोचतो, हा हिशेब म्हणजेच वारंवारता प्रतिसाद.

आता कारखान्यात या. समजा, रसाची एक टाकी आहे, रस तिच्यात सरासरी 5 मिनिटे थांबतो आणि नीट ढवळला जातो. येणाऱ्या रसाचा आंबटपणा दर 2 मिनिटांनी कमी-जास्त होत असेल, तर 100 भागांच्या हेलकाव्यातले बाहेर जेमतेम 6 उरतात. तोच हेलकावा तासाचा असेल तर सुमारे 89 उरतात, आणि साडेचार मिनिटे मागाहून येतात. टाकी तीच, रस तोच. फरक फक्त गतीचा.

या रसात कालवलेला चुना आणि गंधकाचा वायू सोडून सामू 7 च्या जरासा वर ठेवायचा असतो. तो खाली गेला की तापलेल्या रसातली साखर फुटून ग्लुकोज व फ्रुक्टोज होते. त्याचा दाणा बनत नाही, ते मोलॅसिसबरोबर निघून जाते. सामू फार वर गेला तर रस काळपटतो. म्हणून सामू बघून चुन्याचा व्हॉल्व्ह आपोआप हलवणारे यंत्र बसवतात.

इथेच खरी गंमत आहे. रात्री दारे धरणारा माणूस आठवा. शेवटची सरी कोरडी दिसली म्हणून त्याने पाणी वाढवले. पाणी पोचायला वेळ लागतो, तोवर धीर सुटून आणखी वाढवले. मग सरी फुटते, तो धावत जाऊन पाणी तोडतो, आणि सरी पुन्हा कोरडी! यंत्राचेही असेच होते. चुना सोडल्यापासून सामूच्या काट्यावर परिणाम दिसायला 1 मिनिट लागत असेल, तर 2 मिनिटांच्या हेलकाव्यात चुना नेमका उलट्या वेळी पोचतो. रस आंबट असताना कमी, आंबटपणा गेल्यावर जास्त. अशा वेळी यंत्राचा जोर बेताचा असेल तर झोका विरतो. जोर मर्यादेबाहेर असेल तर प्रत्येक फेरीला झोक्याला ढकलल्यासारखे होऊन तो वाढतच जातो. त्यातून सामूचे मोजमापच असे, की एका अंकाचा फरक म्हणजे दहापट. त्यामुळे एका उसाच्या रसाला बसवलेला जोर दुसऱ्या रसाला भारी पडू शकतो.

ही मर्यादा शोधण्याचे गणित साखरेतून नव्हे, टेलिफोनमधून आले. अमेरिकेतल्या बेल कंपनीच्या नोकरीतल्या हॅरी नायक्विस्ट यांनी 1932 मध्ये ते मांडले, बोडे यांनी त्याचे आलेख सोपे केले. झिग्लर आणि निकोल्स यांनी 1942 मध्ये कारखान्यांसाठी सुटसुटीत रीत दिली : जोर हळूहळू वाढवा, झोका न वाढता न विरता एकसारखा चालू लागला की तो जोर टिपून ठेवा, आणि अगदी साध्या यंत्राला त्याच्या निम्मा द्या. आमच्या मते या रीतीत शेतकऱ्याचा व्यवहारीपणा आहे.

सामूची नोंद करणारा कागद कधी बघायला मिळाला तर त्यावरच्या लाटा मोजा. थोड्या थोड्या मिनिटांच्या, एकसारख्या लाटा असतील तर थोडा वेळ व्हॉल्व्ह हाताने एका जागी धरून ठेवायला सांगावे. लाटा थांबल्या तर दोष यंत्राच्या जोराचा. न थांबल्या तर त्या मागून, रसाबरोबरच येत आहेत. कित्येक तासांच्या लांबलचक लाटा मात्र बहुधा उसाच्या असतात : एका पाळीत ताजा ऊस, दुसरीत तोडून दोन-तीन दिवस उन्हात पडलेला. त्या उसाचा रस आंबट असतो, टाकी ती लाट गिळू शकत नाही. नीट बसवलेले यंत्र चुना वाढवून सामू सावरते, पण फडात आणि गाडीवर उसातच फुटलेली साखर कोणताही व्हॉल्व्ह परत आणत नाही.