नित्याचा बोल आणि गीत

बोललेला शब्द बोलल्या रीतीनेच राखावा, हा परमार्गाचा जुना दंडक होय. म्हाइंभटांनी गावोगाव फिरून सर्वज्ञांच्या लीळा मिळविल्या, त्या वेळी शब्दाबरोबर बोलण्याची ढबही टिपली. केशिराजबासांना संस्कृतात रचना करण्याची इच्छा झाली असता, त्यायोगे म्हाताऱ्या बाया वंचित होतील, असे सांगून श्रीनागदेवाचार्यांनी त्यांस वारिले. महदाइसेने रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहलीळेप्रसंगी धवळे गाइले, ते वराचे गीत म्हणून बायकांच्या ओठी आधीच रुळलेल्या प्रकारात. मात्र नित्याच्या बोलाचे गीत नेमके कसे होते, हे पाहण्यास अलीकडचे उदाहरण अधिक सोयीचे आहे. ते खानदेशातील बहिणाबाई चौधरी (1880–1951) यांचे.

असोद्याच्या या शेतकरी बाईस अक्षरओळख नव्हती. जात्यावर, शेतात, चुलीपुढे काम करता करता ती गाई. तिची भाषा लेवा गणबोली. तीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो आणि ‘त्याला’चे ‘त्याले’.

खेड्यात एखाद्याविषयी मत द्यावयाचे झाले की ‘त्याला माणूस म्हणू नये’ असे सहज म्हटले जाते. हे वाक्य कोणा एकाचे नव्हे. बहिणाबाईच्या ‘कशाला काय म्हनू नही’ या गाण्यात हाच बोल ‘म्हनू नही’ या रूपाने कडव्याकडव्यांत येतो. कापसावाचून उललेल्या बोंडास ती बोंड म्हणू देत नाही, आणि लगेच हरिनामावाचून बोलणाऱ्या तोंडास तोंड म्हणू देत नाही. बोंड आणि तोंड हे निव्वळ यमक म्हणून सोडून देणे बरे नव्हे. बोंड शेतातले, सर्वांनी पाहिलेले, त्याविषयी वाद नाही. ते मान्य करताच ऐकणारा तोंडाविषयीही बांधला जातो. दृष्टांतपाठाच्या वाचकांस ही रीत परकी वाटू नये: आधी डोळ्यांपुढचे, मग अंतरीचे.

म्हणजे बोल तोच राहिला; त्यास जोड मिळाली. नुसत्या बोलण्यात ‘म्हणू नये’ हा निकाल असतो आणि तेथे गोष्ट संपते. गाण्यात तो पुन्हापुन्हा ठरल्या जागी येतो, म्हणून ऐकणाऱ्यास शेवट ठाऊक असतो आणि त्याचे सारे लक्ष पुढे कोणती वस्तू येते इकडे लागते. जात्याचा फेराही असाच ठरल्या जागी परत येतो. हात त्या गतीत असता जिभेवरचा घोळलेला बोल तीत बसला, यात नवल नाही. तिच्या ‘अरे’ या हाकेचेही असेच. शेताच्या बांधावरून माणसास घालावयाची हाक ती संसारास आणि मनुष्यजातीस घालते, आणि एका हाकेने कोणी ओ देत नाही म्हणून नाव दोनदा घेते.

पुत्र सोपानदेव आणि मावसभाऊ यांनी ही गाणी ऐकून उतरून घेतली. 1952 साली, तिच्या निधनानंतर, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती प्रसिद्ध झाली. ‘नही’च्या जागी ‘नये’ लिहून भाषा शुद्ध करण्याचा मोह उतरून घेणाऱ्यास होणे स्वाभाविक होते. अक्षरे तेवढीच राहिली असती, तालही मोडला नसता; फक्त बोलणारी बाई निघून गेली असती. दोघांनी बोली तशीच ठेवली, हे त्यांचे मोठे काम. लीळाचरित्राची पोथी उतरताना जुने रूप ‘सुधारणाऱ्या’ लेखकांनी काय गमावले, हे ज्यांनी पाठभेद पाहिले आहेत त्यांस सांगावयास नको.

जी गाणी ती एकटी असता, दळण सरेपर्यंत गाइली गेली, ती कोणी उतरून घेतली नाहीत. त्यांतील पुष्कळशी तिच्याबरोबरच गेली.