मुख्याध्यापकांचा राग आणि सिकलसेलचं लेकरू

विदर्भातल्या आपल्या बौद्ध वस्त्यांत आणि आदिवासी गावांत सिकलसेल जास्त आढळतो. या आजाराचं लेकरू वरून पाहता आजारी वाटेलच असं नाही. पण त्याच्या अंगात रक्त कमी असतं, हातपाय दुखतात, लवकर दम लागतो. त्याला वारंवार तहान लागते, लघवीला जावं लागतं. मधूनमधून शाळा बुडते.

शाळेत त्याला 'आळशी', 'बहाणेबाज' ठरवलं जातं. तक्रार मुख्याध्यापकांकडे जाते, ते चिडतात आणि शिक्षा ठरते : उन्हात उभं राहा, मैदानाला फेऱ्या मार. नेमकं हेच घातक आहे. अंगातलं पाणी कमी झालं, अतिश्रम झाले की रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. रागात दिलेली शिक्षा लेकराला दवाखान्यात पोचवू शकते.

म्हणून शाळाप्रमुखाकडे भावनिक बुद्धिमत्ता हवी. तिच्या चार पायऱ्या :

१. मला राग आला आहे, हे ओळखणं.
२. रागाच्या भरात निर्णय न देणं.
३. लेकराला आणि पालकांना एकांतात, आपुलकीनं विचारणं.
४. मग ठरवणं : पाण्याची बाटली जवळ, लघवीला केव्हाही परवानगी, कवायतीत सवलत, बुडालेला अभ्यास भरून देणं.

आपलं मन आत्ता कसं आहे याचं भान म्हणजेच तथागतांनी सांगितलेली सम्यक स्मृती. ती फक्त विहारात नव्हे, मुख्याध्यापकांच्या खुर्चीवरही लागते.

पालकांनो, मुख्याध्यापकांना माहीतच नसेल तर ते समजून कसे घेतील? 'मुलीचं लग्न अडेल' म्हणून आजार लपवू नका. सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. आधी सोल्युबिलिटी चाचणी होते. त्यात दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तशीच पक्की चाचणी करतात. अहवालाची झेरॉक्स अर्जासोबत शाळेत द्या. ताप, छातीत दुखणं, धाप किंवा पोट फुगणं दिसलं तर लगेच दवाखाना गाठा.

शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार मुलांना मारणं आणि मानसिक त्रास देणं, दोन्हींना बंदी आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. पुढच्या बैठकीत हा विषय मांडा. भांडायला नाही, समजावायला जा. पण लेकराचा हक्क सोडू नका.

जय भीम!