मेलेल्या माकडाची वर्दी

रानात माकड मरून पडलेले दिसले तर आपण काय करतो? कोणी नाक दाबून पुढे जातो. कोणी म्हणतो, "मारुतीरायाचे रूप ते, उघड्यावर टाकू नये." मग चार माणसे जमतात, खड्डा खणतात, नारळ फोडतात आणि मूठमाती देतात. भाव चांगला आहे, त्याला नावे ठेवायची नाहीत. पण त्या माकडाला हात लावण्याआधी त्याची वर्दी द्यावी. का, ते ऐका.

१९५७ सालची गोष्ट. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, शिमोगा जिल्हा आहे. तिथे क्यासनूर नावाचे रान आहे. त्या रानात माकडे मरू लागली. त्याच सुमारास जवळच्या गावांतली माणसेही तापाने अंथरूण धरू लागली. काही दगावली.

विषाणूंचा अभ्यास करणारी एक संस्था पुण्यास १९५२ साली निघाली होती. विषाणू म्हणजे डोळ्यांना न दिसणारा रोगाचा कण. त्या संस्थेची माणसे शिमोग्यास गेली. त्यांना धास्ती निराळीच होती. दक्षिण अमेरिकेच्या रानांत पीतज्वर नावाचा ताप आहे. तो माकडांना मारतो, तसाच माणसांनाही. तो आपल्या देशात शिरला की काय? तपासले, तर तो नव्हता. विषाणू अगदी नवा निघाला. त्या रानावरून रोगास क्यासनूरचे नाव पडले. लोक त्याला माकडताप म्हणतात.

नाव माकडाचे, पण रोग पसरवते गोचीड. माकड बिचारे आपल्यासारखेच रोगी. गोचिडीची पिल्ले तिळाहून लहान असतात. ती वाळलेल्या पाल्यात, पातेऱ्यात राहतात. उंदीर, चिचुंद्री, माकड, माणूस, जो जवळून जाईल त्याला चिकटतात. गुरे रानात चरली की त्यांच्या अंगावरही मोठ्या गोचिडी भरतात. रोगी माकडाचे रक्त प्यालेली गोचीड रोगाची होते. माकड मेले, अंग गार झाले, की त्याच्यावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि तिथल्याच पाल्यात पसरतात. आता सांगा, मूठमाती द्यायला गेलेली चार माणसे उभी कुठे राहतात? नेमकी तिथेच.

अशी गोचीड चावली, की तीन ते आठ दिवसांत एकाएकी सणसणून ताप येतो. डोके ठणकते, अंग मोडून येते. कोणाच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येते. शंभर रोग्यांत तीन ते पाच दगावतात. रोग मारणारे खास औषध नाही. पण वेळेवर दवाखान्यात गेल्यास बहुतेक बरे होतात. हा ताप एका माणसापासून दुसऱ्याला लागत नाही. तेव्हा घरच्या रोग्याची सेवा करायला भिऊ नये.

पुष्कळ वर्षे हा रोग तिकडचाच वाटे. पण २०१५ साली गोव्यात सत्तरी तालुक्यात आणि २०१६ साली आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात तो आला. हा ताप येतो थंडीपासून पावसाळा लागेपर्यंत. काजू गोळा करण्याचे दिवसही तेच, आणि पातेरा आणण्याचेही.

शाळेत हजेरी घेताना एकाच वाडीची चार पोरे गैरहजर दिसली, की मास्तर ओळखतो, वाडीत काही साथ आहे. रानाचा हजेरीपट कोण ठेवणार? रानात रोज जातो तो गुराखी, काजू वेचणारी बाई, लाकूडतोड्या. डॉक्टर काही रोज रानात जात नाही.

माणसे वर्दी देत नाहीत, त्यालाही कारण असते. "आम्हीच मारले म्हणतील," ही वनखात्याची भीती. बागवाल्याला वाटते, मजूर येणार नाहीत, हंगाम बुडेल. मला हा हिशेब पटत नाही. दहा मजूर तापाने पडले तर हंगाम राहतो कुठे?

वर्दी आशाताईला द्या, आरोग्यसेवकाला द्या, पोलीस पाटलाला किंवा वनरक्षकाला द्या. मग गुरांचे डॉक्टर हातमोजे घालून येतात, तपासणीसाठी नमुने घेतात आणि प्रेत जाळतात. नमस्कार करायचा तो लांबून करावा. त्या जागेभोवती सुमारे पन्नास मीटरच्या घेरात गोचीड मारणारी पूड टाकतात. आणखी एक गंमत बघायला मिळते. पांढरे फडके पाल्यावरून ओढत नेतात. गोचिडी त्याला चिकटतात. त्या वेचून प्रयोगशाळेत पाठवतात. त्यांत विषाणू सापडला, की आसपासच्या गावांना आधीच सावध करता येते.

तोवर आपण एवढे करावे. रानात अंगभर कपडे घालावे. हातापायांना दवाखान्यातून मिळणारे गोचीड पळवणारे तेल लावावे. पाल्यावर बसू नये, निजू नये. घरी येताच ऊन पाण्याने आंघोळ करावी, कपडे कढत पाण्यात टाकावे.

वर्दी देताना जागा नीट सांगावी. कोणता ओहोळ, कोणाची बाग, कोणत्या झाडाखाली. माकड काळ्या तोंडाचे की तांबड्या, केव्हा दिसले, किती दिसली. सडलेले असले तरी सांगावे. त्याच्या तपासणीचा उपयोग झाला नाही, तरी खालच्या पाल्यात गोचिडी असतातच.