विमानतळावरील तपासणी यंत्र : धोका किती?

पौडहून उमरा किंवा आखाती देशांत जाणाऱ्या व्यापारी बांधवांनी हे समजून घ्यावे. नोव्हेंबर २०१० मध्ये अमेरिकेतील वैमानिकांच्या एका संघटनेने सभासदांना शरीर तपासणी यंत्र टाळण्यास सांगितले. त्यांना ही तपासणी वारंवार होती. त्यांतील काही यंत्रे क्ष-किरणांची होती. एका तपासणीची मात्रा फार तर २ मिनिटांच्या उंच उड्डाणाइतकी. तरीही युरोपीय संघाने २०११ मध्ये अशी यंत्रे वगळली, अमेरिकेने २०१३ पर्यंत हटविली. भारताने २०१९ च्या आदेशात मिलिमीटर लहरींची यंत्रे ठरविली; त्यांत क्ष-किरण नसतात. विमान कर्मचाऱ्यांना किरणोत्सर्ग मुख्यतः आकाशात मिळतो. आपल्या वेल्डर बांधवांनीही हाच हिशेब ठेवावा : एका ठिणगीपेक्षा रोजची मात्रा मोठी. डोळ्यांवर काळी काच हवीच.