घटक ३ : नियम, तत्त्व आणि करणारी व्यक्ती

शिक्षणासाठी शहरात आलेला एखादा विद्यार्थी भाड्याची खोली शोधत आहे, अशी कल्पना करा. घरमालक आधी आडनाव विचारतो आणि मग म्हणतो, "आमच्यात हे चालत नाही." व्याकरणाच्या दृष्टीने या वाक्याचा कर्ता 'हे' आहे. 'आमच्यात' ही सप्तमी. ती अधिकरण सांगते. नकार देणारी व्यक्ती मात्र वाक्यात कोठेच नाही! धर्म आणि नैतिक जबाबदारी यांचा विचार आपण या रिकाम्या जागेपासून सुरू करू.

१९३६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' या ग्रंथात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे. नियम काय करावे ते सांगतो. तत्त्व कृतीची पारख कशी करावी ते सांगते. तत्त्व चुकीचे असू शकेल, तरीही त्यानुसार केलेली कृती जाणीवपूर्वक केलेली असते आणि म्हणून तिची जबाबदारी करणाऱ्यावर येते. नियमाने केलेली कृती योग्य असली, तरी ती यांत्रिक राहते. धर्माचा गाभा जबाबदारीत आहे. तो निव्वळ नियमांचा संच झाला की धर्म उरत नाही, असे त्यांचे प्रतिपादन आहे. "चालत नाही" हे नियमाचे वाक्य आहे. "मी तुम्हांला खोली देत नाही" असे म्हणताच कारण द्यावे लागते, आणि कारण उच्चारणे अवघड जाते.

छत्रपती संभाजीनगरात बाबासाहेबांनी १९५० मध्ये सुरू केलेले महाविद्यालय 'मिलिंद' या नावाने ओळखले जाते आणि त्याचा परिसर 'नागसेनवन' या नावाने. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात राजा मिलिंद प्रश्न विचारतो आणि भिक्खू नागसेन उत्तरे देतो. विद्येच्या स्थानाला प्रश्नकर्त्याचे नाव मिळावे, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. राजाचा एक प्रश्न असा : एका जन्मातील नामरूप पुढील जन्मी तेच राहत नसेल, तर माणूस पापकर्मातून सुटत नाही का? नागसेन आंबेचोराचा दृष्टान्त देतो. मालकाने लावलेले आंबे वेगळे होते, मी नेलेले वेगळे, असा बचाव चोर करतो. पण नेलेले आंबे लावलेल्या आंब्यांतूनच आलेले असल्याने तो दोषी ठरतो.

हा दृष्टान्त पुनर्जन्माच्या संदर्भातील आहे. समाजाला तो जपूनच लावला पाहिजे. पूर्वजांचा गुन्हा वंशजाच्या माथी मारता येत नाही. परंतु "अस्पृश्यता मी कोठे निर्माण केली?" असे विचारणारा त्याच झाडाची फळे आजही स्वतःच्या हाताने तोडत असेल, तर त्याच्या बचावात आणि आंबेचोराच्या बचावात मला फारसा फरक दिसत नाही. घरमालकाला ही रीत वारशाने मिळाली; नकार मात्र त्याने आज दिला.

स्वयंअध्ययन : तुमच्या घरात रूढी सांगताना वापरली जाणारी, करणारी व्यक्ती नसलेली तीन वाक्ये लिहा. प्रत्येक वाक्य 'मी' घालून पुन्हा लिहा. कोणते वाक्य मोठ्याने म्हणणे तुम्हांला कठीण गेले आणि का, ते पाच ओळींत नोंदवा.